हप्ता कॉमीच्या पगारातून जातो

कऱ्हाडहून एका वडिलांनी विचारलं आहे: "मुलगी यंदा बारावी झाली, शेफच व्हायचं म्हणते. पुण्यातल्या एका खाजगी संस्थेने तीन वर्षांच्या कलिनरी कोर्सचे 9 लाख सांगितलेत. कर्जाचं तेच बघतात म्हणे, आपण फक्त सह्या करायच्या. मी एसटीत वाहक आहे, राहतं घर माझ्या नावावर आहे. कर्ज काढू का? आणि मुलीने हॉटेलच्या किचनमध्ये रात्री-अपरात्री काम करणं बरं का?"

मुलीला शेफ होऊ द्या, पण या कर्जावर सही करू नका. एवढंच उत्तर आहे. पण सही का करायची नाही हे तुमच्यापेक्षा मुलीला पटायला हवं, म्हणून सविस्तर लिहिते.

मी सावंतवाडीची. 1998 साली दादरच्या केटरिंग कॉलेजात आले, तेव्हापासून किचनमध्येच आहे: बँक्वेट, मग कॉन्टिनेंटल, मग बेकरी. आता स्वतःचं छोटं किचन चालवते आणि दोन कॉलेजांत प्रॅक्टिकल परीक्षा घ्यायला जाते. दर वर्षी मे महिन्यात असे दहा-बारा पालक भेटतात. सगळ्यांचा हिशेब एकाच ठिकाणी चुकतो. ते टीव्हीवरच्या शेफचा पगार डोळ्यांसमोर ठेवून कर्ज काढतात. हप्ता मात्र कॉमीच्या पगारातून जातो.

कॉमी म्हणजे किचनच्या शिडीची पहिली पायरी. कॉमी थ्री, टू, वन, मग डेमी, मग सीडीपी म्हणजे एका सेक्शनचा प्रमुख, मग सू शेफ आणि सगळ्यात वर एग्झिक्युटिव्ह शेफ. कोर्स कितीही महागडा असला, पदवीवर कुणाचंही नाव असलं, तरी मुलगी पहिल्या दिवशी वीस किलो कांदा सोलायलाच उभी राहते. 9 लाखवाली आणि 3 लाखवाली एकाच टेबलावर, शेजारी-शेजारी. माझ्या पाहण्यात सीडीपी व्हायला सहा-सात वर्षं लागतात आणि सू शेफ व्हायला दहा-बारा. हातात खरा पैसा येतो तो तिथून पुढे. मुंबई-पुण्याच्या चांगल्या हॉटेलातल्या कॉमीला आज पीएफ वगैरे कापून 15 ते 18 हजार हातात पडताना मी बघते. ड्यूटीवरचं जेवण हॉटेलचं, कुठे कुठे राहायची सोयही असते. तरी आकडा तोच.

आता तुमच्या 9 लाखांकडे या. दर वर्षी 3 लाख उचलले आणि व्याज 11 टक्के धरलं. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर साधारण एक वर्ष हप्ता लागत नाही, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतं. सरळव्याजाने धरलं तरी चौथ्या वर्षाच्या शेवटी ते 2 लाख 97 हजार होतं. म्हणजे हप्ता बसतो तो 11 लाख 97 हजारांवर. दहा वर्षांत फेडायचं तर महिना साडेसोळा हजार. पंधरा वर्षांची मुदत घेतली तर 13,600, पण मग एकूण साडेचोवीस लाख भरायचे. पोरीचा पगार सतरा हजार आणि हप्ता साडेसोळा. महिन्याच्या पाच तारखेला तो हप्ता कोण भरणार, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

आणि घराचं. साडेसात लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज केंद्राच्या पतहमी योजनेखाली बँका तारण न घेता देऊ शकतात. त्याच्या वर गेलात की तारण आलं. संस्थेने 9 लाखांचा आकडा सांगितला तेव्हाच तुमच्या घराचा कागद टेबलावर आला, फक्त तसं कुणी बोललं नाही.

मी हे कुणाला शहाणपण शिकवायला लिहीत नाही, स्वतः केलंय म्हणून लिहिते. दादरचं माझं शिक्षण वडिलांनी त्यांच्या शिक्षक पतपेढीतून थोडे पैसे उचलून केलं आणि मी नोकरी लागल्यावर दोन वर्षांत ते फेडले. तेवढ्यावर थांबायचं, तर 2006 मध्ये मला युरोपात पेस्ट्री शिकायची हौस आली. वर्षभराचा कोर्स, 8 लाखांचं कर्ज, सावंतवाडीचं घर तारण. गेल्यावर पहिले तीन महिने चाकू कसा धरायचा, अंड्याचं काय काय होतं आणि पाच मूळ सॉस. हे सगळं मला दादरला ओरडून ओरडून शिकवलेलं होतं. पुढच्या काळात साखर आणि चॉकलेटचं काम खरंच चांगलं शिकवलं, ते नाकारत नाही. पण हात बसला तो शेवटी मिळालेल्या तीन महिन्यांच्या बिनपगारी कामात, एका छोट्या बेकरीत, पहाटे तीनला लॅमिनेशन, म्हणजे पीठ आणि लोण्याचे थर लाटताना. ते काम पुढे अनुभवाच्या जोरावर मला पगार घेऊनही मिळालं असतं. परत आले तेव्हा पगार चार हजारांनी वाढला आणि हप्ता तेरा हजारांचा. आठ वर्षं फेडत होते. लग्न पुढे ढकललं, धाकट्या भावाचं इंजिनिअरिंग मामाने केलं. आई कधी एका शब्दाने बोलली नाही, पण दर गणपतीत मी घरी केक केला की "हो आठ लाखांचो केक" असं बाबा म्हणायचे. हसून म्हणायचे, तरी लागायचं.

तर तुमच्या मुलीने काय करावं? तुमच्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट ही, आणि ती त्या संस्थेने तुम्हाला सांगितली नसणार. राज्याच्या सीईटी कक्षातर्फे हॉटेल मॅनेजमेंटच्या पदवीसाठी, म्हणजे बीएचएमसीटीसाठी, प्रवेश परीक्षा होते. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार, वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की सवलत गेली. अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित खाजगी विद्यापीठं यातून बाहेर आहेत. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर करायचा. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळ्या योजना आहेत, त्याही तिथेच दिसतात. मेस, वसतिगृह, युनिफॉर्म आणि कॉलेजं लावतात ती इतर शुल्कं उरतातच, म्हणून "फुकट" म्हणत नाही. पण 9 लाखांचा प्रश्न एकदम दीड-दोन लाखांवर येतो.

दुसरा रस्ता केंद्राच्या आयएचएमचा, म्हणजे हॉटेल मॅनेजमेंटच्या सरकारी संस्थांचा. हॉटेल मॅनेजमेंटच्या नॅशनल कौन्सिलची जेईई (इंजिनिअरिंगची नव्हे) देऊन तीन वर्षांची बी.एस्सी. दादरचं आमचं कॉलेज त्यातलंच, 1954 सालचं, देशातलं पहिलं. तीन वर्षांची फी साधारण तीन-चार लाखांच्या घरात जाते. त्यातले साडेतीन लाख कर्जाने घेतले आणि शिकत असताना फक्त व्याज भरत राहिलात, तर नोकरी लागल्यावर दहा वर्षांचा हप्ता 4,800 च्या आसपास बसतो. हा हप्ता कॉमी भरू शकते. मी भरणाऱ्या मुली बघितल्यात.

यावर मुलगी म्हणेल, मला चादरी घालायला आणि रिसेप्शनला उभं राहायला शिकायचं नाही, मला फक्त स्वयंपाक शिकायचाय. माझीही तक्रार तीच होती. हॉटेल मॅनेजमेंटच्या पदवीत हाउसकीपिंग, फ्रंट ऑफिस, सर्व्हिस सगळं करावं लागतं आणि किचनला वेळ कमी मिळतो, हे खरं आहे. पण माझ्या बॅचमधले निम्म्याहून जास्त लोक आज किचनमध्ये नाहीत. कुणाची पाठ गेली, कुणाला रात्रपाळी झेपली नाही, कुणाचं मन उडालं. पदवी होती म्हणून ते फ्लाइट किचनच्या क्वालिटीत गेले, आयआरसीटीसीत हॉस्पिटॅलिटी मॉनिटर झाले, रुग्णालयांच्या आहार विभागात लागले. अठराव्या वर्षी निवडलेलं काम अठ्ठावीसाव्या वर्षी सोडता यायला हवं. मान्यता नसलेल्या डिप्लोम्यावर ते जमत नाही.

आणि पदवी नकोच असेल, हात लवकर चालवायचा असेल, तर आयएचएममध्येच फूड प्रॉडक्शन आणि पॅटिसरीचा दीड वर्षाचा क्राफ्ट कोर्स आहे. एक वर्ष शिक्षण, मग सहा महिने हॉटेलात ट्रेनिंग. दहावीवर मिळतो. लोक त्याला कमी लेखतात. माझ्याकडची सगळ्यात तयार तंदूरवाली मुलगी क्राफ्ट कोर्सची आहे.

"कर्जाचं आम्हीच बघतो" या वाक्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण घोळ तिथे आहे. सरकारी बँक शैक्षणिक कर्ज देताना कोर्सला यूजीसी, एआयसीटीई किंवा सरकारी मान्यता आहे का हे बघते. नसली तर फाइल परत येते. मग संस्था तुम्हाला तिच्या ओळखीच्या एखाद्या वित्त कंपनीकडे नेते. व्याज जास्त, मुदत कमी, हप्ता बरेचदा पुढच्या महिन्यापासूनच चालू, आणि पूर्ण तीन वर्षांची फी एकरकमी संस्थेच्या खात्यात. मुलीने सहा महिन्यांत सोडलं तरी तुमचा हप्ता चालूच. बँकेचं कर्ज सत्रासत्राने सुटतं, हा त्यातला मोठा आधार आहे. त्यामुळे कोणत्याही कागदावर सही करण्याआधी की फॅक्ट स्टेटमेंट मागा. ते देणं बँकांना आणि वित्त कंपन्यांना बंधनकारक आहे. त्यात सगळी शुल्कं धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. "झीरो कॉस्ट" म्हणत असतील तर हा कागद जरूर मागा, मजा येते बघायला.

बँकेत जाल तेव्हा या गोष्टी ध्यानात ठेवा. 4 लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही, त्याच्या वर देशातल्या शिक्षणाला 5 टक्के. खर्चाच्या अंदाजपत्रकात फक्त फी लिहू नका. वसतिगृह, पुस्तकं, चाकूंचा संच, शेफ कोट, सेफ्टी शूज हे सगळं त्यात बसतं. चाकूसाठी वेगळं उसनं घेणारी मुलं मी पाहिली आहेत, कारण नसताना. मुलींना काही सरकारी बँका व्याजात अर्धा टक्का सूट देतात, आणि शिक्षण चालू असताना व्याज भरत राहिलात तर बऱ्याच बँका आणखी एक टक्का. मागितल्याशिवाय कुणी सांगत नाही. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर शिक्षणाच्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं अशी योजना आहे, पण कोर्स आणि संस्था तिच्या अटींत बसावी लागते. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याज सवलत आहे, तीही ठरलेल्या यादीतल्या संस्थांसाठीच. म्हणून आधी यादी बघा, मग संस्था ठरवा. लोक उलटं करतात. ओबीसी असाल तर राज्याच्या महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजनाही विचारा.

एक विसरू नका: सहकर्जदार तुम्ही असता. हप्ता थकला की सिबिल मुलीचंही जातं आणि तुमचंही.

आता त्या संस्थेची "100 टक्के प्लेसमेंट". ती बहुधा खोटी नसते. हॉटेलांना कॉमी आणि ट्रेनी कायम हवे असतात, आमच्याकडे माणूस टिकतच नाही. नोकरी मिळणं अवघड नाही, त्या पगारात टिकणं अवघड. तेव्हा संस्थेत जाऊन प्लेसमेंटचा फलक बघू नका. तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या पाच मुलांचे नंबर मागा आणि त्यांना विचारा: आज किचनमध्ये आहेस का, पहिला पगार हातात किती पडला, हप्ता कोण भरतं? नंबर दिले नाहीत तर तेही एक उत्तरच झालं. ट्रेनिंग किचन बघायला मागा आणि एका बर्नरवर किती मुलं असतात ते मोजा. महागड्या कोर्सेसमध्ये डेमॉन्स्ट्रेशन फार असतं. शिक्षक करतो, तीस जण मोबाईलवर शूटिंग करतात. त्याने हात बसत नाही.

मोठ्या परदेशी नावाचा मोह असेल तर अमेरिकेत काय झालं ते मुलीला सांगा. पॅरिसच्या ल कॉर्दों ब्ल्यूचं नाव वापरून एक अमेरिकन कंपनी तिथे सोळा कॅम्पस चालवत होती. मुलं हजारो डॉलरची कर्जं काढून शिकायची आणि बाहेर पडून तासाच्या मजुरीवर लाइन कुक व्हायची. डिसेंबर 2015 मध्ये कंपनीने सगळे कॅम्पस बंद करायचं जाहीर केलं. कर्ज आणि कमाई यांचं प्रमाण तपासणारे सरकारी नियम कडक झाले होते, ते कारण तिनेच दिलं. पॅरिसची मूळ शाळा 1895 पासून आहे आणि आजही आहे. पण फेडणाऱ्या मुलांना त्याचा काय उपयोग?

परदेशातच जायचं असेल तर जर्मनीचा आउसबिल्डुंग बघा. स्वयंपाक्याचं तीन वर्षांचं प्रशिक्षण, आठवड्यातले काही दिवस शाळा आणि बाकी किचन, आणि तिन्ही वर्षं किचनचा मालक पगार देतो. तिथे 2020 पासून त्याला कायद्याने किमान रक्कम ठरलेली आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात हॉटेलची कामंही आहेत. अडचण भाषेची. साधारण बी-1 पर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत, जर्मन यावं लागतं, म्हणजे वर्ष-सव्वा वर्ष घासावं लागेल. पण पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनची फी आणि 9 लाख यांची तुलना करून बघा.

आमच्या कोकणातली आणि गोव्यातली मुलं शिपवर जाऊन कर्ज फेडतात, हेही कुणी ना कुणी तुम्हाला सांगेलच. फेडतात, खरं आहे. क्रूझवर राहणं-खाणं कंपनीचं, खर्चाला जागा नाही, सहा-नऊ महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये बरे पैसे शिल्लक पडतात. माझ्या वर्गातल्या दोघांनी घरं बांधली. पण त्यासाठी आधी हॉटेलातला अनुभव लागतो, सीडीसी म्हणजे खलाशांचं सरकारी ओळखपुस्तक काढावं लागतं आणि सुरक्षेचे कोर्स करावे लागतात. आणि नोकरी लावून देतो म्हणून जो एजंट पैसे मागतो तो बेकायदा मागतो. एजंटकडे सरकारचा आरपीएसएल, म्हणजे जहाजांवर भरती करण्याचा, परवाना आहे का बघा. शिपच्या भरवशावर आज कर्ज मात्र काढू नका.

रात्रपाळीचं विचारलंत. किचनचं काम रात्रीचंच असतं, शेवटची ऑर्डर अकराला आणि मग साफसफाई. महाराष्ट्रातल्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर स्त्रीला कामाला लावायचं तर तिची संमती, संरक्षण आणि घरी सोडायची सोय द्यावी लागते. मोठ्या हॉटेलांत ड्रॉपची गाडी असते. छोट्या रेस्टॉरंटमध्ये मालक "रिक्षाने जा ना" म्हणतो. मुलाखतीत हे आधी विचारायला मुलीला शिकवा. गाडीपेक्षा जास्त त्रास ब्रेक शिफ्टचा होतो: सकाळी दहा ते तीन, पुन्हा सात ते बारा. मधल्या चार तासांत घरी जाता येत नाही आणि झोपायला जागा नसते. मी लॉकर रूमच्या बाकावर झोपायचे. शिव्या असतात, आरडाओरडा असतो, तंदूरवर मुलगी नको म्हणणारे उस्ताद अजून आहेत. पहिल्यापेक्षा कमी. मला 2001 मध्ये बुचरीत, म्हणजे मांस कापायच्या विभागात, उभं राहू द्यायला शेफने चार महिने लावले, आज माझ्या ओळखीच्या एका किचनमध्ये बुचरी मुलगीच सांभाळते.

यंदाची सीईटी आणि जेईई मुलीची हुकली असेल तर घाबरून त्या संस्थेत पैसे भरू नका. मला या चुकलेल्या वर्षाचं उलट बरंच वाटेल. तुमच्याकडे हायवेला हॉटेलांची काय कमी आहे? एखाद्या बऱ्या, बायका कामाला असलेल्या किचनमध्ये तीन महिने तिला हेल्पर म्हणून उभी करा, दिवसपाळीत. शिकवणी म्हणून नाही, पगार घेऊन. अठरा पूर्ण झाली असेल तर पर्यटन मंत्रालयाच्या "हुनर से रोजगार तक"मधला फूड प्रॉडक्शनचा काही आठवड्यांचा मोफत कोर्सही चौकशी करून बघा. तिला आठ तास उभं राहता येतं का, भाजलं तर दुसऱ्या दिवशी परत जाते का, रविवारी मैत्रिणी फिरायला जातात तेव्हा ही परातभर कोथिंबीर निवडत बसते का, हे त्या तीन महिन्यांत तुम्हाला दोघांनाही कळेल. परत आली तर पुढच्या सीईटीचा फॉर्म भरा. पहिल्या दिवशी चपला घालून पाठवू नका, बंद बूट आणि सुती कपडे. केस बांधलेले, नखं कापलेली. आणि फोन डब्यात ठेवायला सांगा.